राष्ट्रपतींच्या नावाने निघालेला कागद शेवटच्या ओळीपासून वाचावा

प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंनी वर्गात तीन कागद दाखवले. एक राष्ट्रपतींच्या गुढीपाडव्याच्या शुभेच्छांचा, दुसरा परदेशी राष्ट्राध्यक्षांच्या स्वागताच्या बातमीचा आणि तिसरा केंद्र सरकारच्या अधिसूचनेचा. मुलांनी विचारलं, "हे तिन्ही राष्ट्रपती स्वतः लिहितात का? आणि आदेश जर राष्ट्रपतींचा, तर खाली अवर सचिवाची सही कशी? मग तो खरा कसा मानायचा?"

ताई, मी केंद्रीय सचिवालय सेवेत सहायक म्हणून लागलो आणि अवर सचिव म्हणून निवृत्त झालो. मुलांनी ज्या सहीबद्दल शंका काढली, ती सही मी स्वतः अनेक वर्षं केली आहे. त्यामुळे प्रश्न वाचून फार बरं वाटलं. दिल्लीत नोकरी करणाऱ्या माझ्या कित्येक सहकाऱ्यांनाही हा प्रश्न कधी पडला नव्हता.

आधी सरळ उत्तर देतो. शुभेच्छांना कायद्याने कोणाच्याच सहीची गरज नाही. स्वागताला राष्ट्रपतींना स्वतः उभं राहावं लागतं, तिथे बदली माणूस चालत नाही. आणि आदेशांपैकी बहुसंख्य आदेशांवर राष्ट्रपती सही करत नाहीत, त्यांनी करावी अशी अपेक्षाही नाही. मात्र काही थोडे कागद असे आहेत, की त्यांच्या हातची सही झाल्याशिवाय ते जन्मालाच येत नाहीत. कुठला कागद कोणत्या प्रकारचा, हे ओळखता आलं की मुलांचा निम्मा गोंधळ मिटेल.

सुरुवात घरातल्या कागदापासून करा. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाने शासन निर्णय पाहिलेला असतो. त्याच्या शेवटी ओळ असते: "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने". त्याखाली कक्ष अधिकाऱ्याची, अवर सचिवाची किंवा उपसचिवाची सही. शाळेच्या अनुदानाचा निर्णय राज्यपालांनी रात्री बसून लिहिला, असं कुणी समजत नाही. तरी तो कागद त्यांच्या नावाने निघतो, कारण राज्यघटनेच्या कलम १६६ने तसं सांगितलं आहे. केंद्रासाठी हेच काम कलम ७७ करतं. भारत सरकारची सगळी शासकीय कारवाई राष्ट्रपतींच्या नावाने केल्याचं व्यक्त झालं पाहिजे, हा त्याचा पहिला भाग.

दुसरा भाग मुलांच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. राष्ट्रपतींच्या नावाने काढलेला आदेश कोणी आणि कसा साक्षांकित करायचा याचे नियम असतील, आणि त्या नियमांप्रमाणे साक्षांकित झालेला आदेश "हा राष्ट्रपतींनी काढलेलाच नाही" अशा कारणावरून कुणाला खोडता येणार नाही. हे नियम पूर्वी १९५८चे होते, आता २००२चे आहेत. त्यांत सचिवापासून खाली अवर सचिवापर्यंतच्या हुद्द्यांना सहीचा अधिकार दिला आहे. केंद्रात अनुभाग अधिकारी, म्हणजे सेक्शन ऑफिसर, फाइल तयार करतो, मसुदा लिहितो, पण राष्ट्रपतींच्या नावाच्या आदेशावर सही करत नाही. मुंबईच्या मंत्रालयात मात्र कक्ष अधिकारी राज्यपालांच्या नावाने सही करतो. मुंबईहून दिल्लीला आलेल्या माणसाला हा फरक पहिल्या महिन्यातच जाणवतो.

तिसरा भाग म्हणजे कामाची वाटणी. कुठला विषय कोणत्या मंत्रालयाचा आणि कोणता निर्णय कोणत्या पायरीवर होईल, हे १९६१च्या दोन नियमावल्यांत लिहिलं आहे. त्यातली एक कामकाजाच्या वाटपाची, दुसरी कामकाज चालवण्याची. त्या दोन नियमावल्यांच्या आधारे राष्ट्रपतींचा अधिकार सबंध सरकारभर पसरतो. म्हणून "राष्ट्रपतींच्या आदेशानुसार" हे शब्द खोटे नाहीत. राष्ट्रपतींनी नियम केले, नियमांनी मंत्र्याला निर्णयाचा हक्क दिला, मंत्र्याने फाइलवर मंजुरी दिली आणि त्या मंजुरीवर अवर सचिवाने साक्ष म्हणून सही केली. सही करणारा निर्णय घेत नसतो. निर्णय योग्य हाताने झाला आहे, एवढीच ग्वाही तो देतो.

ही ग्वाही किती वजनाची असते ते मी पहिल्या सहीच्या दिवशी शिकलो. बढती होऊन आठवडा झाला होता. समोर स्वच्छ टंकलेली प्रत आली, खाली माझं नाव आणि हुद्दा छापलेला. मी पेन उचललं आणि थांबलो. पुन्हा फाइल उघडली, हिरव्या टिपणीच्या कागदांवरून मागे मागे जात मंत्र्यांची मंजुरी जिथे होती ते पान शोधलं, तारीख पाहिली, मंजूर मसुदा आणि समोरची प्रत ओळीने ओळ ताडून पाहिली. एका ठिकाणी "३० दिवसांच्या आत"चं "३० दिवसांनंतर" झालं होतं. टंकताना झालेली साधी चूक, पण सही झाली असती तर कित्येक कर्मचाऱ्यांचे अर्ज फेटाळले गेले असते. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मंजुरीचं पान पाहिल्याशिवाय मी एकही सही केली नाही. आता ई-ऑफिस, म्हणजे संगणकावरची फाइल, आलं आहे. पण तिथेही कच्ची टिपणी पिवळी आणि पक्की हिरवी असते. रंगाची सवय पडद्यावरही सुटली नाही.

मुलांना इथे एक गोष्ट आवर्जून सांगा. फाइलवर मंत्र्याने "मंजूर" लिहिलं म्हणजे आदेश झाला, असं नाही. बच्छित्तर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली हे पक्कं केलं. महसूल खात्यातल्या एका कर्मचाऱ्याला बडतर्फ केलं होतं. तेव्हाच्या पेप्सू, म्हणजे पतियाळा व पूर्व पंजाब संस्थान संघ, या राज्याच्या महसूल मंत्र्यांनी त्याच्या बाजूने फाइलवर शेरा लिहिला, पण आदेश निघून त्याच्या हाती पडला नाही. तेवढ्यात पेप्सू पंजाबात विलीन झालं आणि नव्या राज्यात निर्णय फिरला. न्यायालय म्हणालं, फाइलवरचा शेरा जोवर राज्यप्रमुखाच्या नावाने व्यक्त होत नाही आणि संबंधिताला कळवला जात नाही, तोवर तो बदलता येतो. म्हणूनच कचेरीतले जुने लोक सांगायचे, जावक क्रमांक पडेपर्यंत कुणाला पेढे वाटू नका.

याची उलट बाजूही आहे आणि ती आपल्याकडच्याच खटल्यातून आली. दत्तात्रय मोरेश्वर विरुद्ध मुंबई राज्य, १९५२. प्रतिबंधक स्थानबद्धतेचं प्रकरण होतं. स्थानबद्धता कायम करणारा निर्णय राज्यपालांच्या नावाने रीतसर व्यक्त झाला नव्हता, म्हणून तो रद्द व्हावा अशी मागणी होती. न्यायालयाने ती मानली नाही. "नावाने" ही ओळ लिहायची राहून गेली तर कलमाने दिलेलं संरक्षण हुकतं, पण तेवढ्यावरून आदेश मुळातच निरर्थक ठरत नाही. निर्णय खरोखर झाला होता हे सरकार दुसऱ्या मार्गाने सिद्ध करू शकतं. माझ्या मते हा निवाडा व्यवहाराला धरून होता, पण त्याने कचेऱ्यांना थोडी ढिलाईही शिकवली. आम्ही एकदा काढलेल्या आदेशात ती ओळ पान बदलताना गळली. वरिष्ठ म्हणाले, "चालतं, न्यायालय मान्य करतं." मी शुद्धिपत्रक काढायचा हट्ट धरला आणि ते निघालं. ज्याला तो कागद मिळतो, त्याच्यामागे वकील नसतो. कागद त्याच्यासाठी पहिल्याच वाचनात पूर्ण असायला हवा.

आता राष्ट्रपतींच्या स्वतःच्या सहीकडे येऊ. राज्यघटनेत काही ठिकाणी शब्द वेगळे आहेत: सहीशिक्क्यानिशी अधिपत्राद्वारे, म्हणजे इंग्रजीतल्या वॉरंटने. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, उच्च न्यायालयांचे न्यायाधीश, राज्यपाल, नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या नेमणुका अशा होतात. तिथे साक्षांकनाचे नियम चालत नाहीत. राष्ट्रपतींचा हात आणि राष्ट्रपतींची मुद्रा, दोन्ही लागतात. तसंच संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला कलम १११ खालची संमती, कलम १२३चे अध्यादेश आणि आणीबाणीच्या किंवा राष्ट्रपती राजवटीच्या उद्घोषणा.

हा हात किती अटळ असतो ते मे २००५मध्ये दिसलं. बिहारची विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला मंत्रिमंडळाने रात्री दिला, तेव्हा डॉ. कलाम मॉस्कोत होते. दिल्लीतून फॅक्स गेला, त्यांनी तिथे सही केली आणि कागद फॅक्सनेच परत आला. सणाच्या शुभेच्छांसाठी परदेशात असलेल्या राष्ट्रपतींना कुणी रात्री उठवत नाही. उद्घोषणेसाठी उठवावंच लागतं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवलं. म्हणजे स्वतःची सही आहे म्हणून कागद तपासणीतून सुटतो, असंही नाही.

सहीच्या आधीची पायरी चुकली तर काय होतं याचं सर्वांत जड उदाहरण २५ जून १९७५च्या रात्रीचं आहे. आणीबाणीच्या उद्घोषणेवर राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक झालेलीच नव्हती. पंतप्रधानांनी पत्रात लिहिलं होतं, की आज रात्री मंत्रिमंडळापुढे जाणं शक्य नाही, म्हणून कामकाजाच्या नियमांतल्या नियम १२खाली मी सवलत घेते. मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळवलं गेलं. पुढे ४४व्या घटनादुरुस्तीने कलम ३५२मध्ये अट घातली, की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी अशी उद्घोषणा काढू नये.

पण ती अट कलम ३५२पुरती आहे. नियम १२ आजही पुस्तकात आहे, आणि महाराष्ट्राने तो अगदी जवळून पाहिला. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राज्यातली राष्ट्रपती राजवट उठली. पंतप्रधानांनी नियम १२ वापरला आणि मंत्रिमंडळाची मान्यता नंतर घेतली गेली. त्यानंतर काही तासांतच मुंबईत शपथविधी झाला. त्या दिवसाच्या राजकारणावर तुमच्या वर्गात वाद होईल, तो होऊ द्या. पण मुलांना ती उद्घोषणा समोर ठेवून वाचायला लावा. कलम ३५६चा खंड २, राष्ट्रपतींची सही, राजपत्र, वेळ. त्या दिवसाचं सगळं नाट्य इतक्या कोरड्या ओळींत मावलेलं आहे, हे पाहून मुलं गप्प होतील.

राष्ट्रपती नाही म्हणू शकतात का? ४२व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक असल्याचं स्पष्ट लिहिलं. ४४व्या दुरुस्तीने एकदा फेरविचाराला परत पाठवण्याची मुभा दिली. १९९७ साली के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याचा सल्ला परत पाठवला आणि सरकारने तो विषय पुढे नेला नाही. मला व्यक्तिशः राष्ट्रपतिपदाचं खरं वजन अशा परत आलेल्या फाइलींत दिसतं.

स्वागताबद्दल मुलांना वाटतं, की तो केवळ थाट. मी विदेश मंत्रालयात नव्हतो, पण निमंत्रितांच्या यादीपासून बैठकीच्या आराखड्यापर्यंत अनेक कामांत आमच्या विभागाचा हात लागायचा. त्या कामाने मला एक गोष्ट पटवली. स्वागत म्हणजे पायांनी आणि खुर्च्यांनी लिहिलेला कागद आहे. त्यात शब्द जवळजवळ नसतात, म्हणून प्रत्येक पावलाचा अर्थ लावला जातो.

कोण कुठे बसेल हे आदरातिथ्यावर सोडलेलं नाही. त्यासाठी राष्ट्रपती सचिवालयाची २६ जुलै १९७९ची अधिसूचना आहे, तिला मानक्रम म्हणतात. राष्ट्रपती पहिले, उपराष्ट्रपती दुसरे, पंतप्रधान तिसरे. चौथ्या क्रमांकावर राज्यपाल, पण फक्त आपापल्या राज्यात. महाराष्ट्राचे राज्यपाल मुंबईत चौथे असतात आणि पणजीला गेले की आठवे होतात. मुख्यमंत्री स्वतःच्या राज्यात सातवे, दिल्लीत आठवे, परदेशी राजदूतांच्या बरोबरीने. ही अधिसूचना समारंभापुरतीच आहे, रोजच्या कारभाराला ती लागू नाही, असं तिच्यातच लिहिलं आहे. तरी कचेऱ्यांत लोक ती मानापमानासाठी उगाळत बसतात, याचं मला कायम वाईट वाटत आलं.

समारंभ होतो राष्ट्रपती भवनाच्या पुढच्या प्रांगणात. पाहुण्यांची गाडी राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाच्या घोडेस्वारांच्या पहाऱ्यात येते. हे दल १७७३ साली बनारसमध्ये उभं राहिलं. राष्ट्रप्रमुख असेल तर २१ तोफांची सलामी, सरकारप्रमुख असेल तर १९. आधी पाहुण्यांच्या देशाचं राष्ट्रगीत वाजतं, मग आपलं, पूर्ण म्हणजे सुमारे ५२ सेकंदांचं. तिन्ही सेनादलांच्या तुकडीची मानवंदना होते. २५ जानेवारी २०१५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांच्या स्वागतात त्या तुकडीचं नेतृत्व विंग कमांडर पूजा ठाकूर यांनी केलं, तोवर ते कोणत्याही महिला अधिकाऱ्याकडे गेलं नव्हतं. पाहुणे पुढे राजघाटावर जातात, मग हैदराबाद हाउसमध्ये चर्चा. सरकारने पाहुण्यांना दिलेल्या गाडीवर आपला तिरंगा उजव्या बाजूला आणि त्यांचा ध्वज डाव्या बाजूला फडकतो. एवढ्याशा गोष्टीलाही ध्वजसंहितेत ओळ आहे.

स्वागतांपैकी सर्वांत कायदेशीर स्वागत मात्र लोकांना फारसं दिसत नाही. ते म्हणजे नव्या राजदूतांनी परिचयपत्रं सादर करणं. दुसऱ्या देशाच्या प्रमुखाने आपल्या राष्ट्रपतींना लिहिलेलं पत्र राजदूत स्वतःच्या हाताने राष्ट्रपतींच्या हातात देतात. त्याआधी त्या व्यक्तीला आपला देश स्वीकारेल का, हे गुपचूप विचारलेलं असतं आणि नकार दिला तर कारण सांगण्याचं बंधन नसतं. हे १९६१च्या व्हिएन्ना करारात आहे. राजदूतांमधली ज्येष्ठता वयावर किंवा देशाच्या आकारावर ठरत नाही. काम सुरू केल्याची तारीख आणि वेळ पाहिली जाते. त्यामुळे एकाच सकाळी पाच राजदूत आले, तर कोण आधी आत गेलं याला वर्षानुवर्षं अर्थ राहतो. हा समारंभ पूर्वीच्या अशोक हॉलमध्ये होत आला. त्याचं नाव जुलै २०२४मध्ये अशोक मंडप झालं.

आता शुभेच्छा. त्यांना मी शेवटी ठेवलं म्हणून त्या हलक्या समजू नका. गुढीपाडव्याचा राष्ट्रपतींचा संदेश नीट पाहा. तो एकट्या पाडव्याचा नसतो. चैत्र शुक्लादी, उगादी, गुढीपाडवा, चेटीचंड, नवरेह आणि साजिबू चेराओबा, अशी सगळी नावं एका दमात येतात. म्हणजे आंध्र, कर्नाटक आणि तेलंगण, आपण, सिंधी समाज, काश्मिरी पंडित आणि मणिपूर. जानेवारीत लोहडी, मकर संक्रांत, पोंगल, माघ बिहू एकत्र येतात. या यादीतलं एखादं नाव गाळलं तर कोणताही कायदा मोडत नाही, पण एखाद्या गावातल्या माणसाला आपल्या घरचा सण देशाच्या प्रमुखाला ठाऊकच नाही असं वाटतं. म्हणून मसुदा करणारे लोक सणांची नावं आदेशातल्या कलमांसारखी तपासतात. पुढे नेहमीचं वाक्य असतं, देशात आणि परदेशात राहणाऱ्या सर्व भारतीयांना शुभेच्छा. मुलं म्हणतील, दरवर्षी तेच वाक्य. हो, तेच. देशाच्या प्रमुखाने एका वर्षी एका समाजाला दोन ओळी जास्त आणि दुसऱ्याला दोन ओळी कमी लिहिल्या, तर त्या फरकाचे अर्थ काढले जातात. तेच ते वाक्य सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतं.

सणाच्या शुभेच्छा आणि सणाची सुट्टी यांची गल्लत मात्र मोठी माणसंही करतात. राष्ट्रपतींनी शुभेच्छा दिल्या म्हणून बँक बंद होत नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांची सुट्टी कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या ज्ञापनाने होते, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक सुट्टी १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५खाली राज्याच्या अधिसूचनेने. ईदचं उदाहरण फार बोलकं आहे. चंद्रदर्शनावर दिवस ठरतो, त्यामुळे केंद्राच्या ज्ञापनातच लिहिलेलं असतं, की तारीख ऐन वेळी बदलली तर आकाशवाणी, दूरदर्शन, वर्तमानपत्रं यांतली घोषणा प्रमाण धरावी आणि रीतसर आदेशाची वाट पाहू नये. आदेशानेच आदेशाची वाट पाहू नका म्हणावं, असं आमच्या सगळ्या कारभारात मला फारच थोड्या ठिकाणी आढळलं.

संदेश, शिष्टाचार आणि आदेश एकाच दिवशी पाहायचे असतील तर ६ फेब्रुवारी २०२२ आठवा. सकाळी मुंबईत लता मंगेशकर गेल्या. राष्ट्रपतींचा शोकसंदेश आला. ते शब्द होते, त्यांनी कोणाला काही करायला लावलं नाही. गृह मंत्रालयाने दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. लगेच देशभर राष्ट्रध्वज अर्ध्यावर आले आणि सरकारी करमणुकीचे कार्यक्रम थांबले. महाराष्ट्र शासनाने दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सुट्टी जाहीर केली, तेव्हा कचेऱ्या बंद झाल्या. संध्याकाळी शिवाजी पार्कवर मानवंदना झाली. दुःख सगळीकडे एकच होतं, पण कुठल्या कागदाने कुठली गोष्ट हलली हे वेगळं काढता येतं. हे उदाहरण मुलांना चटकन कळेल, कारण त्या सुट्टीची आठवण त्यांच्या घरात असेल.

तपासायचं कसं, हेही मुलांनी विचारावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून सांगून टाकतो. केंद्राची अधिसूचना असेल तर ती ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर मिळाली पाहिजे. असाधारण राजपत्राच्या पहिल्या पानावर वर "सी.जी.-डी.एल.-अ." अशी अक्षरं, त्यानंतर तारीख आणि क्रमांक असतो. आतमध्ये "का.आ." किंवा "सा.का.नि." असा क्रमांक, हिंदी आणि इंग्रजी दोन्ही पाठ, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली अधिकार वापरला त्याचा उल्लेख, फाइल क्रमांक आणि शेवटी सही करणाऱ्याचं नाव व हुद्दा. राज्याच्या शासन निर्णयाला संगणक संकेतांक असतो, तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. राजमुद्रेवर भरवसा ठेवू नका, ती कुणीही छापतो. तिच्या गैरवापराविरुद्ध २००५चा कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, तरी छापणारे छापतात.

एक प्रसंग सांगतो. निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. विदर्भातला एक मुलगा आणि त्याचे वडील आमच्या इमारतीच्या स्वागतकक्षात येऊन थांबले होते. कुणीतरी मराठी बोलणारा हवा म्हणून मला खाली बोलावलं. मुलाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला नेमणुकीचा आदेश होता, शिपायाच्या पदाचा. गुळगुळीत जाड कागद, सोनेरी राजमुद्रा, गोल शिक्के तीन. कलम नाही, फाइल क्रमांक नाही, आणि तळाशी मोठ्या अक्षरांत "भारताचे राष्ट्रपती" लिहून त्यावर निळ्या शाईने ऐटदार सही. वडील मला पुन्हा पुन्हा ती सही दाखवत होते. "साहेब, खुद्द राष्ट्रपतींची सही आहे बघा," म्हणत होते. त्या सहीसाठी त्यांनी एक एकर विकलं होतं.

मी त्यांना माझ्या खोलीत नेलं, चहा मागवला आणि टेबलावरची त्याच दिवशी निघालेली एका नेमणुकीची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. साधा पांढरा कागद, एकच शिक्का, खाली माझं नाव. खरा आदेश असा दिसतो, हे मी त्यांना सांगितलं. वडिलांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ पाहिले. मुलगा मान खाली घालून बसला होता. मग मी त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो, मराठीत सांगितलेलं हिंदीत लिहून दिलं. तक्रारीला तो कागद जोडताना वडिलांनी विचारलं, "याची एक झेरॉक्स आम्हाला ठेवता येईल का? गावात दाखवायला लागेल, आम्ही काय बघून फसलो ते."